सिस्टरची मतदानाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. वेताची बैठक, रुंद हात आणि त्या हातांखाली चार लोखंडी कड्या. खुर्चीला कड्या कशाला, असं विचारून लोक हसतात. सांगते, पण सावकाश सांगेन. हल्ली मला कशाचीच घाई नसते.

साबणाच्या कारखान्यात खोकी ठोकणाऱ्या सुताराने मला घडवलं. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सबाई निवृत्त झाल्या, तेव्हा कामगारांनी मला त्यांच्या स्वाधीन केलं. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. वसाहतीतली निम्मी माणसं त्यांच्या हातांत जन्मलेली. मी त्यांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी राहू लागले.

शहराच्या कडेची आमची वसाहत त्या खिडकीतून पुरती दिसे. रस्त्याच्या अलीकडे कामगारांच्या खोल्या, पलीकडे कचेऱ्यांत जाणाऱ्यांच्या नव्या इमारती. अलीकडची मतं बादलीला, पलीकडची शिडीला. बादली आणि शिडी ही दोन पक्षांची चिन्हं. माणसाचा पत्ता विचारला की त्याचं मत कळायचं. निकाल मात्र शे-दीडशे मतांवर लागायचा, त्यामुळे एकेका मताचा काय तो थाट असे!

पुढे सिस्टरचे गुडघे गेले. इमारतीला लिफ्ट नव्हती. निवडणुकीच्या दिवशी सकाळीच प्लंबर आला. तो पक्का बादलीवाला. त्याने मला कड्या बसवल्या आणि त्यांतून दोन लांब पाइप सरकवले. ही बातमी औषधाच्या दुकानदाराला लागली. तो तितकाच पक्का शिडीवाला. बादलीवाले उचलून नेणार म्हणजे मत त्यांच्याच खिशात जाणार, असं वाटून तोही धावत आला. शेवटी पुढे प्लंबर, मागे दुकानदार आणि दोघांचा एकेक सोबती, अशी आमची वरात समोरच्या शाळेतल्या मतदान केंद्राकडे निघाली.

"अरे, वळणावर हळू! सिस्टर आहेत, सिमेंटची गोणी नाही," दुकानदार ओरडला.

"तू मागचं सांभाळ. पुढचं तुमच्या लोकांना एरवीही दिसत नाही," प्लंबर म्हणाला.

सिस्टर मात्र माझे हात घट्ट धरून हसत होत्या. शाळेच्या दारात दुकानदाराने हळूच विचारलं, "सिस्टर, आपल्यालाच ना?"

"बाळा, तुझी नाळ मी कापली, म्हणून माझं मत तुझं होत नाही," त्या म्हणाल्या.

पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंतची शेवटची चार पावलं त्या काठी टेकत स्वतः चालत. मी बाहेर थांबे. त्यांनी मत कोणाला दिलं, हे मलाही ठाऊक नाही. अशा चार निवडणुका आम्ही केल्या. माझ्या आयुष्यातले तेच काय ते मानाचे दिवस.

मग कारखाना बंद पडला. कामगारांच्या खोल्या पाडून तिथेही इमारती उठल्या. ज्यांच्या वडिलांनी जन्मभर बादली सोडली नाही, तीच मुलं नव्या घरांच्या दारांवर शिडीची चित्रं चिकटवू लागली. प्लंबरचा मुलगाही त्यांतलाच. शे-दीडशेचा फरक हजारांवर गेला.

त्यानंतरच्या निवडणुकीला सिस्टर चौऱ्याऐंशीच्या होत्या. सकाळी सातला ठेवणीतले कपडे घालून, ओळखपत्र मांडीवर घेऊन त्या माझ्यावर येऊन बसल्या. दहा वाजले, बारा वाजले. जिन्यात पाऊल वाजलं की त्या केसांवरून हात फिरवत. दुपारी त्यांची सूनबाई कामावरून आली आणि तिने माझ्या शेजारी उभं राहूनच दुकानदाराला फोन लावला.

"वहिनी, या वयात कशाला दगदग? आम्ही दहा हजारांनी येतोय," तो म्हणाला.

मग तिने प्लंबरला विचारलं.

"एका मताने आमचं काय होणार, वहिनी? आम्ही पडल्यातच जमा आहोत."

सहा वाजता समोर शाळेचं फाटक बंद झालं. तोवर सिस्टर उठल्या नव्हत्या.

"म्हणजे इतकी वर्षं ते मला न्यायला येतच नव्हते, मत न्यायला येत होते," त्या म्हणाल्या. मग ओळखपत्र सुनेच्या हाती दिलं. "नीट ठेव. पुढच्या वेळी लागेल."

मित्रांनो, चौघांच्या हातांनी जिना उतरताना माझे सांधे कुरकुरत, पण त्या दिवशी जागच्या जागी मी जितकी थकले, तितकी कधीच थकले नव्हते. फार वाईट वाटलं मला.

पुढच्या निवडणुकीपर्यंत नव्या इमारतींचे नळ कोरडे पडले होते. लोक चिडले, शिडी डगमगली आणि पुन्हा चुरस आली. तोवर प्लंबर मुलासोबत शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला होता आणि दुकानदाराने दुकान दूरच्या हमरस्त्यावर नेलं होतं. मतदानाच्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात दोघंही उभे होते. एकाच्या हातात नवे पाइप, दुसऱ्याच्या हातात मतदारयादी.

"सिस्टर तयार आहेत ना?" दुकानदाराने विचारलं.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर कोणी नव्हतं.

"त्यांना जाऊन दोन वर्षं झाली."

प्लंबर खाली मान घालून उभा राहिला. दुकानदार यादीतलं ते नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

"खुर्ची न्या," सूनबाई म्हणाली. "समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर शिंपीकाका आहेत, त्यांनाही जिना उतरवत नाही. तयार होऊन बसले असतील. मत कोणाला देणार ते मात्र विचारू नका."

दोघांनी मला रिकामीच उचललं. वळणावर दोघंही आपोआप हळू झाले.

माझ्या कड्यांना तेल द्या, वेत विणून घ्या, असं मी मागत नाही. एवढंच मागते, मित्रांनो. तुमच्या जिन्यावर कोणी असं तयार होऊन बसलं असेल, तर चुरस असो वा नसो, त्यांना न्यायला जा. आणि सहा वाजायच्या आत जा.