चौऱ्याऐंशीवर अडकलेली बोट

मी बोट बोलतेय. पाणी मी आजवर एवढंच पाहिलंय, जेवढं धूळ पुसायच्या ओल्या फडक्यात मावतं. लांबी वीतभर, रंग निळा, धुरांडी दोन. तिसरंही बसवायचं होतं, पण डिंक संपला.

मला घडवलं ते मिस्त्रींनी. एका जहाज कंपनीत ते तीस वर्षं सुतार होते. बोटींवरची दारं, कपाटं, बाकं दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना एक घड्याळ दिलं आणि स्वतःचे शंभर शेअर दिले. घड्याळ आठ दिवसांत बंद पडलं. शेअरचा भाव मात्र रोज पेपरात यायचा आणि रोज बदलायचा.

मिस्त्रींना हे काही झेपेना. "कंपनी तीच, बोटी त्याच. मग सोमवारी तीनशे दहा आणि मंगळवारी तीनशे चौदा का?" ते बायकोला विचारत.

"मला काय विचारता? मी विकायला बसलेय का?" ती म्हणायची.

आकडे डोक्यात शिरत नाहीत म्हटल्यावर त्यांनी ते भिंतीवर घ्यायचं ठरवलं. खोक्याच्या फळीतून मला कोरलं, पोटाला दोरी बांधली, ती छताजवळच्या कप्पीवरून खाली आणून खुंटीला अडकवली. जमीन म्हणजे शून्य, छत म्हणजे हजार. रोज सकाळी पेपर वाचायचा आणि भाव असेल तितक्या उंचीवर मला ओढायचं. महिनाअखेरीला माझ्या तळाशी पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख आणि भाव. कंपनीचा असा इतिहास कंपनीकडेही नसेल.

आता स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, पण त्या घरात माझा फार दरारा होता. मी वर असले की मिस्त्री शीळ घालत. बायकोने हे बरोबर हेरलं होतं. नवे पडदे तिने पाचशे बाराला मागितले आणि मिक्सर सहाशे चाळीसला. खाली असले की ती भाजीतसुद्धा मीठ विचारून घालायची.

एक वर्ष मात्र वाईट गेलं. भाव चारशेच्या आसपास रेंगाळला, आणि चारशे म्हणजे नेमकी सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्याची उंची. जो पाहुणा मागे टेकायचा त्याच्या टाळक्यात माझं नाक घुसायचं. पाहुणे कळवळून विचारत, "मिस्त्री, भाव कधी वाढणार?" मिस्त्रींना वाटायचं, लोकांना कंपनीची काळजी आहे.

मिस्त्रींचा एकच जिवलग मित्र, कोपऱ्यावरचा सलूनवाला. एकदा त्याने एका गिऱ्हाइकाची मिशी चुकून साफ उडवली, तेव्हापासून त्याचं नाव सफाचट पडलं. वीस वर्षं मिस्त्रींच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. एक दिवस मिस्त्री तुळतुळीत दाढी करून घरी आले आणि म्हणाले, "अगं, आज सफाचटला पण शंभर शेअर घ्यायला लावले. नव्या खुर्चीसाठी पैसे साठवून होता. म्हटलं, खुर्चीत घालू नकोस, बोटीत घाल. लगेच 'घेतो' म्हणाला."

पुढचे सहा महिने मी नुसती वर वर चालले होते. आठशे चाळीसला पोचले तेव्हा छताखालच्या कोळ्याशी माझी चांगली ओळख झाली होती.

मग तो गुरुवार उजाडला.

मिस्त्रींनी पेपर उघडला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेजाऱ्यांचा पेपर मागून आणला. त्यातही तेच होतं. चौऱ्याऐंशी.

त्यांनी दोरी सोडली. सातशे गेलं, सहाशे गेलं, पडद्यांचा भाव गेला, पाहुण्यांच्या डोक्यांचा भाव गेला, आणि मी सोफ्याच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर येऊन थांबले. तिथे एक मोजा आणि शेंगदाण्याची टरफलं होती.

"अहो, दोरी तुटली का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कंपनी बुडाली," मिस्त्री म्हणाले आणि खाली बसले. पेपराची घडी घालत ते बोलले, "आपले जाऊ देत, आपल्याला फुकटच मिळाले होते. पण सफाचटचं काय? त्याला मी पाडलं यात. आता कुठल्या तोंडाने त्याच्यासमोर जाऊ?"

आणि ते खरोखरच गेले नाहीत. पेपरातलं शेअरचं पान त्या दिवसापासून भाजी निवडायला गेलं. बाजारात जायचं तर मिस्त्री सलूनचा कोपरा टाळून मागच्या गल्लीने जात, वीस मिनिटं जास्त चालत. पण माणूस शेअर विसरू शकतो, केस विसरू शकत नाही. ते वाढतातच. दोन महिन्यांनी बायकोने स्वयंपाकघरातली कात्री आणली. मी सोफ्यामागून नुसतं ऐकत होते.

"हलू नका."

"मी हललो नाही."

"मग हा कान मध्ये कसा आला?"

असं दीड वर्ष चाललं. मिस्त्रींना एका बाजूला भांग होता आणि दुसऱ्या बाजूला पायऱ्या. भाजीवालीने एकदा बायकोला विचारलं म्हणे, "साहेब नाटकात काम करतात का?" तेव्हापासून मिस्त्री घरातही टोपी घालून बसायला लागले.

एकदा गल्लीच्या तोंडाशी सफाचट समोरून आलाच. वारा होता, टोपी उडाली. सफाचटने मिस्त्रींच्या डोक्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून निघून गेला. त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत. "बघ, ओळखसुद्धा दाखवली नाही," ते बायकोला सांगत होते. "बरोबरच आहे त्याचं." मला मेलीला फार वाईट वाटलं. बुडणारी मी, आणि गटांगळ्या हा माणूस खात होता.

मग सुट्टीला त्यांची लेक आली. ती शाळेत गणित शिकवते. दुसऱ्याच दिवशी तिच्या कानातलं सोफ्यामागे घरंगळलं, सोफा सरकवला गेला आणि दीड वर्षाने मी माणसाचं तोंड पाहिलं.

"बाबा, ही इथे खाली काय करतेय?"

"बुडाली ती."

लेकीने भिंतीवरच्या रेघा खालून वर वाचल्या. मोबाइल काढला. "आज सत्त्याण्णव भाव आहे."

"बघ. आठशे चाळीसवरून सत्त्याण्णव."

"बाबा, आठशे चाळीसवरून एका दिवसात चौऱ्याऐंशी? बरोबर दहावा हिस्सा?" ती थबकली. "त्याच्या आधी कंपनीचं काही पत्र आलं होतं का?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग बायको उठली आणि तिने जेवणाच्या टेबलाचा एक पाय उचलला. सुताराच्या घरातलं टेबल डुगडुगतं, हे कृपा करून कुणाला सांगू नका. पायाखालचं जाडजूड पाकीट तिने काढून दिलं. ते फोडलेलंही नव्हतं.

लेकीने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, कंपनीने प्रत्येक शेअरचे दहा तुकडे केले. तुमच्याकडे शंभर नाहीत, हजार आहेत."

"मग भाव का पडला?"

"एका फळीचे दहा तुकडे केले, तर एका तुकड्याची किंमत अख्ख्या फळीएवढी राहील का? दहावा हिस्सा होईल. पण म्हणून लाकूड कमी झालं का?"

मिस्त्रींनी नीट विचार केला. "करवतीत थोडं भुशात जातं."

"बाबा!"

"नाही नाही, कळलं. कळलं मला."

"जुना भाव आणि आजचा भाव असे शेजारी ठेवून बघायचे नसतात. आधी जुने सगळे दहाने भागायचे." तिने खोडरबर घेतलं आणि स्टुलावर चढली. माझी सहा वर्षं तिने एकेक करून पुसली. तीनशे दहाचे एकतीस झाले, आठशे चाळीसचे चौऱ्याऐंशी. छतापर्यंतचा माझा सगळा प्रवास सोफ्यामागच्या वीतभर जागेत मावला. खरं सांगते, मला अपमान वाटला. कोळ्यापुढे मी किती मिरवले होते! पण शेवटी तिने मला सत्त्याण्णववर ओढलं, फक्त दोन बोटं वर, आणि मी खाली पाहिलं तर सगळ्या रेघा माझ्याखाली. दीड वर्ष मी जिथे रुसून बसले होते, ती माझी तोवरची सगळ्यात उंच जागा होती.

मिस्त्रींनी स्वतःच्या हजारांचा हिशेबसुद्धा विचारला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे त्याचे बुडाले नाहीत?"

"कुणाचेच नाहीत."

त्यांनी मला दोरीवरून सोडवलं, काखेत मारलं आणि घरातल्या चपला घालून ते निघाले. मागच्या गल्लीने नाही, सरळ रस्त्याने.

भर दुपारची वेळ, सलूनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. सफाचटने आम्हाला पाहिलं आणि कात्री हातात घेऊन उभा राहिला.

"कोण आहे तो?" त्याने विचारलं.

"कोण?"

"ज्याच्याकडे जातोस तो. नाव नको, दुकान दाखव. असं डोकं करणाऱ्याला परवाना कुणी दिला ते मला बघायचंय."

मिस्त्रींनी मला त्याच्या नाकासमोर धरलं. "अरे, तुझे बुडाले नाहीत! शंभराचे हजार झालेत!"

"कशाचे?"

"शेअरचे! मी घ्यायला लावले ते!"

"ते होय," सफाचट म्हणाला. "ते मी कुठे घेतले?"

मिस्त्रींचा आ वासलेलाच राहिला. "तू 'घेतो' म्हणाला होतास!"

"तू खुर्चीत होतास. हातात वस्तरा असताना मी कुणाशी वाद घालत नाही, सगळ्याला हो म्हणतो. त्याच महिन्यात मी तिघांची जमीन घेतो म्हणालो, आणि एकाच्या मेव्हणीशी भावाचं लग्न लावून देतो म्हणालो. मला भाऊच नाही." त्याने हात दाखवला. "त्या पैशांची ही खुर्ची घेतली. केव्हाच."

मिस्त्रींनी खुर्चीकडे पाहिलं. चांगली गुबगुबीत, फिरती खुर्ची होती. मला मांडीवर घेऊन ते तिच्यातच बसले.

"मग त्या दिवशी तोंड का फिरवलंस?"

"बघवेना," सफाचट म्हणाला. "वीस वर्षं सांभाळलेलं डोकं रे. मला वाटलं, तुला दुसरा मिळाला. आणि मिळाला तोही असला!"

"बायको कापते."

सफाचटने कात्री खाली ठेवली. "दीड वर्ष? आणि माझ्याकडे का नाही आलास?"

"कुठल्या तोंडाने येणार होतो?"

"तोंडाचं मला काय करायचंय? डोकं घेऊन यायचंस."

मग फडकं अंगावर पडलं, फवारा उडाला, कात्री सुरू झाली. थोड्या वेळाने मिस्त्रींनी डोळे पुसले आणि केस गेला म्हणाले. सफाचटनेही पुसले. त्याच्या डोळ्यात केस जायचं काही कारण नव्हतं.

त्या दिवसापासून मी इथेच असते, आरशासमोरच्या फळीवर, तुरटी आणि तेलाच्या बाटलीच्या मध्ये. मिस्त्री मला न्यायला विसरले, नंतर म्हणाले राहू दे. आता मला कुणी वर ओढत नाही की खाली सोडत नाही. तेव्हा आजचा भाव मला विचारू नका, पेपर बघा. आणि पेपर बघून कुणाला तोंड दाखवायची लाज वाटली, तर आधी त्याच्याकडे जा, चक्क विचारा. पाकिटं आली तर फोडत चला.

बरं, आता आवरते. मिस्त्री आलेत. चार दिवसांपूर्वीच केस कापून गेलेत, डोक्यावर कापण्यासारखं काही नाही. तरी सफाचटने फडकं झटकून खुर्ची त्यांच्याकडे फिरवलीय. मला गप्प बसायला हवं, त्या दोघांना बोलायचंय.