गाणारा कप

म्हातारीने नखाने कपाच्या काठावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि कप फडताळात ठेवला. मग दुसरा घेतला.

“आजी, हळू ना. माझा तास चालू आहे.”

“भांड्याला भांडं लागणारच. तुझ्या बाईंना सांग, हे स्वयंपाकघर आहे, शाळा नव्हे.”

नातीचा टॅबलेट टेबलावर साखरेच्या डब्याला टेकून उभा होता. बारावीचा ‘चालू आर्थिक प्रश्न’ हा विषय ती घरबसल्या शिकत होती. कपबशांच्या कारखान्याने आपल्या कामगारांच्या मुलांना हा अभ्यासक्रम टॅबलेटसकट फुकट दिला होता. धर्माच्या गायीचे दात पाहू नयेत म्हणतात. म्हातारी आधी दातच पाहणारी. पण या काचेला दात नेमके कुठे असतात, ते तिला अजून सापडलं नव्हतं.

पडद्यावरची शिकवणारी बाई तिशीची दिसायची. ती कधी खोकत नसे, पाणी पीत नसे, केस मागे सारत नसे. म्हातारी तिला ‘काचेतली’ म्हणे.

“वस्तू किती उपयोगाची आहे, एवढ्यावर तिची किंमत ठरत नाही,” काचेतली सांगत होती. “ती किती जणांकडे आहे, हेही पाहावं लागतं. जे थोड्यांकडे असतं ते महाग असतं. याला टंचाई म्हणतात.”

“हे सांगायला यंत्र लागलं?” म्हातारी म्हणाली. “दारात नळ आल्यावर पाणक्याला कोण विचारतं?”

नात हसली. काचेतली थांबली होती. घरात कोणी बोलू लागलं की ती थांबायची आणि बोलणं संपलं की पुढे सुरू व्हायची. म्हातारीला तिचा हा एक गुण पसंत होता. या घरात तिचं बोलणं पुरतं ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं.

तासाच्या शेवटी घरचा अभ्यास आला. ‘माझ्या घरातलं एक कौशल्य आणि त्याची टंचाई.’ घरातल्या जाणत्या माणसाची मुलाखत घ्यायची आणि ती आवाजासकट पाठवायची.

“मग काय, बाबाच,” नात म्हणाली.

बाबा संध्याकाळी कारखान्यातून आला. म्हातारीचा हा एकुलता मुलगा बावीस वर्षं पारखणीच्या टेबलावर होता. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप त्याच्यापुढून जायचा. टिचकी मारायची, खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर भंगारात. पूर्वी तिथे चौघे बसायचे. पाच महिन्यांपूर्वी टेबलावर कान असलेलं एक यंत्र आलं आणि या चौघांनी त्याला शिकवायचं ठरलं. शिकवून झालं तशी तिघांच्या हातात एकेक पाकीट पडलं. हा राहिला, कारण यंत्र अजून चुकत होतं. यंत्राच्या कामावर देखरेख करणारा चष्मेवाला मुलाला ‘गुरुजी’ म्हणायचा. हे मुलगाच घरी येऊन सांगायचा, पण हसून नाही.

“बाबा, मला तुमची मुलाखत हवी. टिचकीवर.”

बुटाची नाडी सोडता सोडता त्याचा हात थांबला.

“माझी नको. आईच्या शिवणकामावर लिही.”

“आई शर्टाचं बटणसुद्धा शिंप्याकडे देते.”

“मग दुसरं काही शोध. माझं कारखान्यातलं काही त्यात घालायचं नाही. कळलं?” त्याने टॅबलेट उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला.

म्हातारीने चहा पुढे सरकवला.

“शिकलं का रे तुझं यंत्र?”

“शिकतंय.”

“अजून चुकतं?”

“चुकतं.”

“कशात चुकतं?”

“चुकतं काहीतरी.”

“अरे, पण कशात? मला सांग की. एकतीस वर्षं त्याच टेबलावर बसले मी.”

“तुला नाही कळायचं ते, आई. आताचं वेगळं असतं सगळं.”

तो चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. म्हातारी ओट्याला टेकून उभी राहिली. याला सात वर्षांचा असताना मांडीवर घेऊन, डोळ्यांवर पदर बांधून, एकेक कप वाजवून तिने शिकवलं होतं. “आता सांग, कुठला?” असं विचारायचं आणि चुकला की कान पिळायचा. तो कान आज गुरुजींचा झाला होता.

“मला नाही कळायचं,” ती फडताळाला म्हणाली. “बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणावं. मला नाही कळायचं!”

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर तिने स्वतःच टॅबलेट पुसून टेबलावर उभा केला.

“चल, घे मुलाखत.”

“आजी, बाबा नको म्हणाले ना.”

“त्याची नको म्हणाला. माझी नको म्हणाला का? माझा कान काय त्याच्या नावावर आहे?”

नातीने पडद्यावरचा मजकूर भराभर वर ढकलला आणि तळाच्या चौकोनात खूण केली.

“हे काय केलंस?”

“मान्य आहे म्हटलं. पाठवलेलं सगळं त्यांना वापरता येतं, असं काहीतरी. सगळेच करतात.”

म्हातारीने केस सारखे केले. घरातले कप कारखान्याने नाकारलेलेच होते; कोणाचा कान वाकडा, कोणाच्या अंगावर डाग. तिने त्यातले दोन निवडले आणि मोरीवरून दात घासायच्या ब्रशांचा कप रिकामा करून आणला. तिन्ही एका ओळीत मांडले.

“हा ऐक.” पहिल्यावर टिचकी पडली. “हा खणखणीत. सरळ माणूस. बोलला आणि गप्प झाला. आता हा.” दुसरा बद्द वाजला. “याला आत चीर आहे. डोळ्याला दिसत नाही, पण आवाज खोटं बोलत नाही.”

“एवढं बाबांचं यंत्रही ओळखतं.”

“ओळखेल. एवढं तर शेंबडं पोरही ओळखेल.” तिने तिसरा कप तळहातावर घेतला. “आता हा ऐक.”

टिचकी पडली आणि आवाज खोलीभर पसरला. लांब, गोड.

“किती छान वाजला!”

“इथेच फसतात सगळे. हा वाजत नाही, हा गातो. गाणारा कप पुढे जाऊ द्यायचा नसतो.”

“का?”

म्हातारीने आधणाचं पातेलं उचलून उकळतं पाणी कपात ओतलं. कप तसाच उभा राहिला. नात काही बोलणार, एवढ्यात टक् झालं. कानाकडची बाजू सुटली आणि वाफाळतं पाणी टेबलावरून खाली धावलं.

“कोणाच्या हातात असता तर मांडी भाजली असती,” फडक्याने पाणी टिपत ती म्हणाली. “वरची झिलई अंगापेक्षा घट्ट बसली, की कप असा गातो. तंग कपड्यातल्या माणसासारखं. दिसायला ऐटबाज, वाकला की उसवला. म्हणून आपल्याकडचे गाणारे मी चहाला काढत नाही, असल्या कामाला ठेवलेत.”

“तो कसा ओळखायचा?”

हे नातीने विचारलं नव्हतं. दोघींनी पडद्याकडे पाहिलं. काचेतली तोंडावर तेच हसू ठेवून वाट पाहत होती.

“विचारते बघ कशी,” म्हातारी खुर्ची ओढून बसली. “आवाजाचं शेपूट ऐकायचं, बाई. चांगला कप वाजतो आणि गप्प होतो. गाणारा गप्प झाल्यासारखा वाटतो, आणि मग एकदा बारीक बोलतो. कानाजवळून डास गेल्यासारखा. तेवढं ज्याला ऐकू आलं, त्याला पारख आली. चौघे बसायचे आमच्या टेबलावर. मी एकट्या पोराला शिकवलं.”

“फार उपयुक्त माहिती. हाच आवाज पुन्हा ऐकवाल का? एक वीत अंतरावरून.”

“तो तर फुटला.”

“तुमच्याकडे असे आणखी आहेत का?”

होते. म्हातारीने पिनांचा कप रिकामा केला, मिठाचा केला, नातीच्या पेन्सिलींचा केला. काचेतली दर वेळी आभार मानायची आणि पुन्हा वाजवायला सांगायची. आता जवळून. आता कप हातात धरून. आता टेबलावर ठेवून. अकराव्या टिचकीला नखाखाली ठणका लागला, पण म्हातारी थांबली नाही. एकतीस वर्षांत एका मुकादमाने तिला कधी विचारलं नव्हतं की बाई, तू ऐकतेस तरी काय. आज कोणीतरी विचारत होतं, आणि मध्ये तोंड न घालता ऐकत होतं.

मुलाखत पाठवताक्षणी गुण आले. शंभरपैकी शंभर.

“माझ्या मैत्रिणीच्या आजोबांनी कुलपं उघडून दाखवली होती,” टेबलावरचं मीठ गोळा करत नात म्हणाली. “तिला एकच प्रश्न विचारला. तुला एवढे कसे विचारले?”

“कुलपांत काय असतं विचारण्यासारखं!” म्हातारी म्हणाली. “आणि बापाला सांगू नकोस इतक्यात. मार्कांचा कागद आला की मीच त्याच्या नाकासमोर धरणार आहे. नाही कळायचं म्हणे.”

तिसऱ्या दिवशी मुलगा दुपारी अडीचला घरी आला.

नात टेबलावर पुढचा धडा उघडून बसली होती. तो थेट मोरीवर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. बाहेर आला तेव्हा म्हातारीने विचारलं, “बरं नाही का?”

“बरा आहे.”

“मग एवढ्या लवकर?”

तो तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. ओले हात त्याने मांडीवर पालथे ठेवले.

“आज यंत्राने गाणारा कप बाजूला काढला, आई.”

म्हातारीच्या हातातलं फडकं थांबलं.

“एक नाही. सात. एकामागून एक. गाणारे त्याला आजवर कळतच नव्हते. मी कळू दिलं नव्हतं.” तो हळू बोलत होता, जसं काही दुसऱ्या कोणाचं सांगतोय. “शिकवताना गाणारा आला की मी चांगला म्हणायचो. मग पुढच्या टेबलावर स्वतःच्या हाताने काढून टाकायचो. पाच महिने. चष्मेवाला म्हणायचा, गुरुजी, तुमच्या हाताशिवाय काही खरं नाही. तेवढं एकच मी माझ्याकडे ठेवलं होतं. तेवढ्यावर तर टिकलो होतो.”

“मला बोलला नाहीस,” म्हातारी म्हणाली.

“भिंतीलाही कान असतात. बायकोलासुद्धा बोललो नाही.” त्याने मान हलवली. “कोणी सांगितलं त्याला, तेच कळत नाही. ते तिघे गेले, त्यांना हे ठाऊक नव्हतं. तुला आणि मला, बस. आणि तू तर चौदा वर्षांत कारखान्याचं फाटक पाहिलं नाहीस.”

“ते काय म्हणाले?”

“काय म्हणणार. चष्मेवाल्याने दोन्ही हात जोडले. म्हणाला, गुरुजी, आता विश्रांती घ्या.” त्याने खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. उघडलं नव्हतं. “पुढच्या वर्षी हिचं कॉलेज आहे.”

तो बोलायचा थांबला. मग टॅबलेट वाजला.

नातीने पडद्याकडे पाहिलं आणि पटकन त्यावर तळहात ठेवला.

“काय म्हणतेय?” म्हातारीने विचारलं.

“काही नाही. नवा धडा आहे.”

“हात काढ. वाच.”

“आजी, नको ना.”

“मोठ्याने वाच. माझी अक्षरं कच्ची आहेत. कान नाहीत.”

नातीने बापाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मग हात काढला आणि धड्यातला उतारा वाचावा तशी, न थांबता वाचू लागली.

“‘मागच्या अभ्यासाबद्दल पुन्हा अभिनंदन. गाणाऱ्या कपाचा आवाज तुमच्या आजींनी फार स्पष्ट समजावून दिला. त्यांना आणखी काय काय ऐकू येतं?’”

मुलाने आईच्या तोंडाकडे पाहिलं नाही. टेबलावर तिचा उजवा हात पडला होता, आणि मधल्या बोटाचं नख मुळाशी काळंनिळं झालं होतं. तो त्या नखाकडे बघत राहिला.

आयुष्यात म्हातारीला शब्द कधी कमी पडले नव्हते. सुनेला, शेजारणीला, मुकादमाला, मेलेल्या नवऱ्याला, सगळ्यांना पुरून उरले होते. आज तिने नुसता हात ओढून घेतला आणि फडक्यात गुंडाळला.

“लिही,” ती नातीला म्हणाली. “आजी बहिरी झाली म्हणावं.”

नातीने लिहिलं. बोट उचलायच्या आत खाली नवी ओळ उमटली. ती मात्र तिने वाचून दाखवली नाही.

‘कधीपासून?’