शंभर ठोके आणि मंडईचे वडे

मी एक जुनी ढेकी आहे, मित्रांनो. जुनी म्हणून कीव करायला येऊ नका. मला कीव नको, न्याय पाहिजे. ढेकी म्हणजे काय हे आजकाल सांगावं लागतं, हीच पहिली लाज. एक लांब लाकूड, मधे दोन खुंटांवर टेकलेलं. पुढच्या टोकाला मुसळ, मुसळाखाली जमिनीत उखळ, मागे शेपटी. शेपटी पायानं दाबली की मुसळ वर उठतं, पाय उचलला की उखळातल्या धानावर पडतं आणि तूस सुटून तांदूळ निघतो. तेल लागत नाही, वीज लागत नाही.

सिंदेवाहीच्या अलीकडे, रानाला लागून आमचं गाव. घरानं बुद्धाची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी घरातल्या मुलाचं, वामनरावांचं, लग्न झालं. नवी सून येणार म्हणून सुकलू वाढईनं बिजाच्या झाडाच्या टणक खोडातून मला घडवलं आणि गोठ्यात बसवलं. सून आली ती केसरबाई. सोळा वर्षांची, काडीसारखी. पहिल्या दिवशी शेपटीवर पाय दिला तर मी हललेच नाही. सासू हसली. केसरबाईनं पदर खोचला आणि दोन्ही पायांनी उडी मारली. हिचं-माझं जमणार हे मी तेव्हाच ओळखलं.

पंचवीस वर्षं जमलं. पहाटे कोंबडा आरवला की आमचा ठोका सुरू. लालसर तांदूळ घरात, कोंडा कोंबड्यांना.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं येतात, नाटक होतं आणि घरोघरी पाहुणे. आज या गावाची, परवा त्या गावाची, संक्रांतीपर्यंत तोंडाला उसंत नाही. वडे, तेलच्या, अईरसे, मटण. पण केसरबाईच्या घरी एक नेम होता. जी बाई जेवली, तिनं निघायच्या आधी माझ्या शेपटीवर शंभर ठोके द्यायचे. चिमूरची नणंद सीता एकदा कुरकुरली, "वयनी, मी पाव्हणी आहो."

"पाव्हणी आहेस म्हणून शंभर. घरची असतीस तं दोनशे."

खाणं तेव्हाही कमी नव्हतं, बरं का. पण मंडईत कोणाच्या चोळीची शिवण उसवली असं मी ऐकलं नाही.

मग सडकेवर धानाची गिरणी आली. सायकलवर पोतं गेलं आणि तासाभरात पांढराशुभ्र तांदूळ होऊन परत आलं. त्या पांढऱ्या रंगाला सगळं घर भुललं. माझं मुसळ काढून गोठ्याच्या दाराला अडसर केला. माझ्या अंगावर गोवऱ्या रचल्या. कोंबड्यांनी काय केलं ते मी सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल.

इकडे केसरबाई फुगायला लागली. दर मंडईत दोन-तीन किलो चढत आणि उन्हाळ्यात उतरत नसत. दोष कोणाला? नव्या तांदळाला, थंडीला, चैतू शिंप्याला. "माप चुकवलं मेल्यानं," म्हणायची. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर उपकेंद्रातल्या नर्सबाईनं तिला काट्यावर उभं केलं. पंच्याहत्तर किलो. बीपी चढलेलं, गुडघे सुजलेले. नर्सबाईनं बजावलं की या मंडईत एक किलोही वाढता कामा नये, संक्रांतीला पुन्हा काट्यावर यायचं. शिवाय व्यायाम दिला. खांबाला धरून उभं राहायचं, एक पाय दाबायचा, उचलायचा, रोज शंभर वेळा.

केसरबाईनं भात सोडला. मंडईला गेली की प्रत्येक घरी एकच वडा, असं ठरवलं. सून मीरा एकदा म्हणालीच, "आत्याबाई, एकच एकच करून अकरा घरं झाले."

"तू खावाले आली का मोजाले?"

अशात आमच्याच गावची मंडई तीन दिवसांवर आली. त्या साली पाऊस लांबलेला, सरपण ओलं. मुलगा हरिदास म्हणाला, "माय, ते ढेकी फोडतो. वाळलं बिजा आहे, वडे मस्त निघन."

"फोड. पडूनच तं आहे."

मागे वळूनसुद्धा न पाहता म्हणाली. कुऱ्हाडीच्या आधी मला हे लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिदास अंगणात धार लावत होता. त्याच वेळी केसरबाई व्यायामाला गोठ्यात आली, कारण अंगणात शेजारणी हसत. माझ्या बाजूचा खांब तिनं धरला आणि रिकाम्या हवेत पाय दाबायला लागली. तीच कंबर, तोच झोका, माझ्यापासून दीड हातावर. मी पंचवीस वर्षं जे करून घेतलं, ते नर्सबाईनं शिकवलं म्हणे. सांगा मित्रांनो, याला काय म्हणायचं?

मीरा गोवऱ्या न्यायला आली आणि दारातच थबकली. "काऊन आत्याबाई, हवेत ढेकी कुटून राह्यल्या काय?"

केसरबाईचा पाय उचललेला तसाच राहिला. तेवढ्यात हरिदास आला, गोवऱ्या सारल्या आणि पहिला घाव माझ्या शेपटीवर घातला.

"थांब."

"माय, तूच तं म्हणलीस."

"म्हणली असन. आता थांब म्हणून राह्यली."

"मंग वडे कायनं तळू?"

"नको तळू. वरण-भात घाल पाव्हण्याले. कोनी मरत नाई."

तिनं मुसळ परत बसवायला लावलं, उखळ धुवायला लावलं आणि पदर खोचला. वीस ठोक्यांत धाप लागून खाली बसली. दुसऱ्या दिवशी तीस. मंडईला चिमूरची सीता आली, तीही चांगली भरली होती. ताट सरकवून निघाली तर केसरबाईनं बोटानं गोठा दाखवला. "जुना नेम हाय, विसरली का?"

संक्रांतीला काटा चौऱ्याहत्तरावर थांबला. नर्सबाई खूश. "पाहा, माझा व्यायाम लागू पडला." आणि केसरबाई, जिला मी काडीची बाई बनवलं, ती गावभर सांगत सुटली की नर्सबाईच्या हाताला गुण आहे. माझं नाव कोणी घेतलं नाही, पाय रोज देतात.

तो घाव काही बुजला नाही. चार बोटं खोल खाच आहे, नेमकी टाच पडते तिथं. परवा केसरबाई मीरेला म्हणाली, "बरी खाच पडली, पाय सरकत नाई." तिचा पाय सरकत नाही, पण खाच माझ्या अंगात आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी कोपऱ्यात काही पडून असेल, तर फोडायच्या आधी एकदा वापरून पाहा. कुऱ्हाड कुठं पळून जात नाही.