पाण्यात पळणारी भिंगरी

तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय एका जागी ठरायचा नाही. सोळाव्या वर्षी ती तीन हजार मीटर अशी पळायची, की मागच्या मुलींना तिची फक्त वेणी दिसायची. राज्याच्या संघाची निवड चाचणी जवळ आली, तशी तिने मैदानावरच्या सरावाला पहाटेची डांबरी रस्त्यावरची धाव जोडली, कुणालाही न विचारता. आणि नडगी दुखायला लागली.

आधी पळून झाल्यावर दुखायची, मग पळताना, मग जिना उतरतानाही. सराव घेणारे सर म्हणाले, "थोडं दुखणारच गं. बर्फ लाव." तिने बर्फ लावला आणि दातओठ खाऊन पळत राहिली. आई बस चालवायची. एकदा थांब्यावर बस उभी करताना तिला आरशात लेक दिसली, फुटपाथवरून लंगडत येणारी. दुसऱ्याच दिवशी आईने रजा टाकली आणि तिला दवाखान्यात नेलं.

एक्स-रेमध्ये काहीच नव्हतं. भिंगरीचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरबाईंनी मात्र नडगीवरून अंगठा फिरवत आणला आणि एका जागी दाबला. भिंगरी किंचाळलीच. मग एमआरआय केला, तेव्हा हाडातली केसाएवढी चीर दिसली.

"जेवतेस का नीट?"

"हो."

"आणि पाळी?"

भिंगरीने आईकडे बघायचं टाळलं. "बंद झालीये. मला वाटलं बरंच झालं, सरावात अडथळा नको."

हळूहळू सगळं बाहेर आलं. अंग हलकं असलं की वेग वाढतो, असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. डबा मैत्रिणी खायच्या आणि रात्री हिचं पोट 'भरलेलं' असायचं.

"अगं, मी पहाटे उठून एवढं करून देते, आणि तू..." आईने कपाळावर हात मारला.

"हाड रोज थोडं झिजतं, रोज भरून येतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला अन्न लागतं, विश्रांती लागते. तू दोन्ही तोडलंस, म्हणून पाळी थांबली आणि हाडही कमजोर झालं. आता पळणं बंद."

"पण चाचणी आहे!"

"ती पुढच्या वर्षीही असेल. दुसरा पाय कुठून आणशील?"

हाडाला आधार म्हणून पायात दवाखान्याचा जाड बूट चढला आणि भिंगरीने तोंड फुगवलं. सर घरी आले, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. "बर्फ लाव म्हणालो, पाय बघितला नाही. चुकलंच माझं," म्हणाले. मग त्यांनीच डॉक्टरांना विचारून पोहण्याच्या तलावावर सोय केली. कमरेला तरंगता पट्टा बांधायचा आणि खोल पाण्यात, तळाला पाय न टेकता पळायचं.

तिथे सकाळी आज्यांचा एक घोळका यायचा. त्यातल्या एकीने विचारलं, "काय गं, बुडतेस का पळतेस?"

"दोन्ही, आजी!"

दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्या पट्टे बांधून तिच्या मागे पळू लागल्या. तलावावर नुसता दंगा. भिंगरी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

घरी ताटाचा कारभार आईने हातात घेतला होता. पाळी परत सुरू झाल्याचं भिंगरीने सांगितलं, तेव्हा आईने तिला घट्ट जवळ घेतलं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी तीच जागा दाबली. दुखलं नाही! आधी चालणं, मग गवतावर थोडं थोडं पळणं सुरू झालं. एकदा सगळ्यांसमोर जोरात पळताना नडगीत बारीकशी कळ आली. जुनी भिंगरी तशीच रेटत गेली असती. ही थांबली, सरांकडे चालत गेली आणि म्हणाली, "सर, दुखतंय."

"शाब्बास!" सर म्हणाले. आठवडाभर आराम करून ती पुन्हा पळायला लागली.

पुढच्या वर्षीच्या चाचणीत एका उंच मुलीने पहिल्यापासून आघाडी घेतली. भिंगरी तिच्या खांद्यामागे चिकटून राहिली. शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि तिने पाय मोकळे सोडले. वळणावर उंच मुलगी मागे पडली, सरळ पट्ट्यावर तर भिंगरी एकटीच होती. बाकावर उभी राहून आई घसा बसेपर्यंत ओरडत होती. फलकावर वेळ झळकली, तिची आजवरची सगळ्यात वेगवान धाव! ती संघात होती.

भिंगरीने फलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती रेषेच्या पुढेही पळतच सुटली होती, दोन्ही हात पसरून, आणि सर मागून धापा टाकत ओरडत होते, "अगं ए, थांब! शर्यत संपली!"