त्या शनिवारी मी उतू गेले नाही

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. शालिनीताईंनी माझ्या झाकणावर हात ठेवून मला बजावलं होतं, "झालं ते या ओट्यावरच राहू दे हं." तेव्हा स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे त्या माझ्याशीच बोलत होत्या. त्यांची गोष्ट आता सगळ्यांना कळली आहे. माझी मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही.

मी किटली बोलतेय. सुभानपुऱ्यातल्या एका बंगल्याच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या डाव्या शेगडीवर माझी जागा आहे. मी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. माझ्या पोटाला तीन पोचे आहेत, कडीला दोरी गुंडाळलेली आहे आणि झाकण जरासं सैल आहे.

शालिनीताईंच्या लेकीच्या, उत्कर्षाच्या बारशाला चहा करायला मोठं भांडं नव्हतं, म्हणून तिच्या वडिलांनी, अविनाशरावांनी नागरवाड्यातल्या एका दुकानातून मला आणलं. आत पाळणा म्हणत होते आणि इकडे मी पहिल्यांदा तापत होते. म्हणजे उत्कर्षा आणि मी एकाच वयाच्या, फक्त बारा दिवसांचा फरक. अविनाशराव रिफायनरीत होते. त्यांची पाळी सुटली की मित्र घरी यायचे आणि मी तासाभरात तीनदा भरायचे. गणपतीत आरतीनंतर माझ्यापुढे पेल्यांची रांग लागायची. कुणी माझं कौतुक केलं नाही, पण "किटली कुठाय?" असं दिवसातून चारदा तरी विचारलं जायचं. मला तेवढं पुरत होतं.

मग चहादाणी आली.

उत्कर्षा मातीची भांडी करायला शिकली. छाणीला एका कारखान्याच्या मागे भट्टी आहे, तिथे ती आणि तिच्या दोन मैत्रिणी भांडी भाजतात. एके दिवशी ती ओढणीत गुंडाळून काहीतरी घेऊन आली आणि ओट्यावर, बरोबर माझ्या शेजारी ठेवलं. काळसर रंग, गोल पोट, वर लहानसं झाकण आणि इतकी नाजूक तोटी, की मला माझी तोटी लपवावीशी वाटली.

"आई, हिला आतून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, दिलेलं नाही," उत्कर्षा म्हणाली. "ही चहा पिते. जितका चहा पिईल तितकी चांगली होत जाईल. हिला साबण लावायचा नाही. कधीच नाही. नुसतं गरम पाणी."

शालिनीताईंनी मान हलवली. पण ज्या बाईने आयुष्यात एक वाटीही नुसत्या पाण्याने धुतली नव्हती, तिच्या मानेवर किती विश्वास ठेवायचा, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर उत्कर्षाने रविवारच्या बैठका सुरू केल्या. सकाळी सात वाजता दहा-बारा माणसं गच्चीवर जमतात. फोन एका टोपलीत ठेवतात. गोल बसून पाच मिनिटं डोळे मिटून स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देतात. मग काहीही न बोलता कोरा चहा पितात, गवती चहा आणि फुदिना घातलेला. शेवटचा घोट झाला की प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा. चहात जे सापडलं असेल, ते. आणि मग सगळ्यांनी मध्ये ठेवलेली चहादाणी पाहून चित्र काढायचं.

लक्षात आलं का? चहा मी करायचे. खाली, गॅसवर, घाम गाळून. मग शालिनीताई तो गाळून चहादाणीत ओतायच्या आणि ती वर जायची. लोक तिच्या समोर डोळे मिटायचे, डोळे उघडायचे आणि तिचंच चित्र काढायचे. जिन्याच्या दारातून मला सगळं ऐकू यायचं. शेजारच्या कोमलबेन दर रविवारी म्हणायच्या, "शुं सरस छे, किती सुंदर, हिच्याकडे बघूनच मन शांत होतं."

माझ्याकडे बघून कुणाचं मन शांत झालं असेल, असं मला वाटत नाही. माझ्याकडे बघून माणसं बिस्किटं शोधतात.

दर रविवारी त्यातलं एक चित्र खाली यायचं आणि फ्रिजच्या दारावर लावलं जायचं. चहादाणी समोरून, चहादाणी बाजूने, चहादाणी आणि जास्वंद. मी सोळा मोजली. एकदा, फक्त एकदा कुणीतरी माझं चित्र काढावं, एवढंच मला वाटू लागलं. आधी नुसतं वाटायचं. मग ते आत धुमसायला लागलं. ती रात्रंदिवस माझ्या शेजारी गप्प बसलेली असायची आणि ते गप्प बसणंही मला गर्वाचं वाटायचं.

आता त्या शनिवारचं सांगते.

संध्याकाळचे पाच वाजले होते. उत्कर्षा छाणीला गेली होती. शालिनीताईंनी स्वतःसाठी आणि अविनाशरावांसाठी माझ्यात दुधाचा चहा ठेवला आणि सहज चहादाणीचं झाकण उघडून आत पाहिलं. आत चहाचे तपकिरी डाग धरले होते. त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई, उद्या एवढी माणसं येणार आणि भांडं हे असं," असं पुटपुटत त्यांनी तिला मोरीत नेलं. एका हातात काथ्या, दुसऱ्या हातात साबणाची हिरवी वडी.

माझं उतू जाणं या घरात प्रसिद्ध आहे. शालिनीताई फोनवर असोत, दारात असोत, मी उतू गेले की त्या हातातलं टाकून धावत येतात. त्या दिवशीही दूध वर येत होतं. मी उतू गेले असते, तर त्या धावत आल्या असत्या. गॅस पुसताना त्यांना उत्कर्षाचं बोलणं आठवलं असतं. तशा त्या विसरभोळ्या नाहीत.

मी दूध झाकणापर्यंत आणलं. आणि खाली घेतलं.

काथ्याचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला. मला बरं वाटत होतं. हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटत होतं.

रविवारी बैठक भरली. पाच मिनिटं श्वास झाला, त्यात रेल्वेतून निवृत्त झालेले प्रतापसिंहराव नेहमीप्रमाणे दोनदा घोरले. मग चहा झाला. मी जिन्याकडे कान लावला होता. शब्द सुरू झाले.

कोमलबेन म्हणाल्या, "मोगरा."

कुणीतरी म्हणालं, "पहाट."

संगणकाच्या कंपनीत काम करणारा उन्मेष बराच वेळ विचार करून म्हणाला, "निर्मळ."

मग प्रतापसिंहरावांची पाळी आली. त्यांनी आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढले आहेत आणि जे आहे त्याहून रेघभरही जास्त ते काढत नाहीत की बोलत नाहीत. ते म्हणाले, "साबण."

कुणीच हसलं नाही. उत्कर्षाने स्वतःचा कप उचलून एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाज ऐकू आला. माती बिघडली असावी, ती म्हणाली. या खेपेची मातीच वाईट निघाली. छाणीला अशाच आठ चहादाण्या सुकत ठेवल्या होत्या. हिचा वास तीन आठवड्यांत गेला नाही, तर त्या आठही भट्टीत न घालता पाण्यात भिजवून त्यांचा पुन्हा चिखल करायचा, असं तिने ठरवलं. चार महिन्यांचं काम होतं ते.

शालिनीताई जिन्यात उभ्या होत्या. त्या खाली आल्या, ओट्याला टेकल्या आणि माझ्या झाकणावर हात ठेवून ते बोलल्या, जे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मला शिक्षा सुरू झाली. वास घालवायचा तर चहादाणीत रोज उकळतं पाणी आणि चहाची पत्ती घालून ते मुरू द्यायचं, मग ओतून टाकायचं. आणि पाणी कोण उकळणार? मीच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. माझ्या तोटीतून माझंच पाणी तिच्या पोटात. ती ते निमूटपणे प्यायची. मी मनात म्हणायचे, अगं, काहीतरी बोल ना, मला शिव्या दे. पण मातीची भांडी बोलत नाहीत, ती पितात.

आणि रविवारी चहादाणीच्या जागी मला वर नेलं.

ज्याची मी इतकी वाट पाहिली होती ते अशा रीतीने आलं. पहिल्या रविवारी मी नुसता चहा दिला आणि एका कोपऱ्यात बसले, चित्रांसाठी कुणीतरी सीताफळ आणलं होतं. दुसऱ्या रविवारी एक कुंडी होती. तिसऱ्या रविवारी आणायला कुणाला काही सुचलं नाही. प्रतापसिंहराव म्हणाले, "ही किटली आहे की. हिला भूमिती आहे." मला गोलाच्या मध्ये ठेवलं.

शालिनीताई मला ठेवून खाली निघाल्या होत्या. पण खाली आता काम काय होतं? चहा माझ्यातच होता. प्रतापसिंहराव जरा सरकले आणि म्हणाले, "बसा वहिनी. आपल्याच घरात किती उभ्या राहाल?" तेव्हा त्या पहिल्यांदाच त्या बैठकीत बसल्या. पदर सावरून, एका पायावर, लगेच उठायचं असल्यासारख्या.

उत्कर्षाने त्या दिवशी चित्रं आधी आणि शब्द नंतर घ्यायचं ठरवलं. सगळ्या पेन्सिली माझ्याकडे वळल्या. बारा माणसं मला पाहत होती. माझे पोचे, माझी दोरी, माझं सैल झाकण. प्रतापसिंहराव एक डोळा मिटून, अंगठ्याने माझी उंची मोजत होते. ते माझ्या जवळच बसले होते, त्यांचा कागद मला दिसत होता. त्यांनी माझा एकेक पोचा जिथल्या तिथे काढला. फक्त तोटी काढायची ठेवली. "तोटी शेवटी," ते उन्मेषला हळूच म्हणाले, "हात तिथेच चुकतो." माझ्या आयुष्यात मी इतकी सुखी कधीच नव्हते.

मध्येच उत्कर्षा म्हणाली, "उद्या मी छाणीला जातेय. आठही भिजवून टाकते. वास अजून येतोय तिला."

पेन्सिली चालू होत्या. तेव्हा शालिनीताई म्हणाल्या, "साबण."

कोमलबेन हसल्या. त्यांना वाटलं, शब्दांची पाळी सुरू झाली आणि वहिनी गंमत करतायत.

"नाही हो," शालिनीताई म्हणाल्या. "मी लावला होता. मीच घासली ती. काथ्याने."

उत्कर्षाने पेन्सिल खाली ठेवली. "आई, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे इतकं छान छान बोललात त्या चहाला. मोगरा काय, पहाट काय. म्हटलं, त्यात माझी साबणाची वडी कुठे आणू?" त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण चार महिन्यांचं काम भिजवू नकोस गं. माती चांगली आहे तुझी. मीच वाईट."

उत्कर्षा उठून आईजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. आधी मला वाटलं ती रडतेय. मग कळलं, ती हसतेय. उन्मेषने विचारलं, "म्हणजे माझं निर्मळ बरोबर होतं?" आणि मग गच्चीवर एवढा हशा पिकला, की बाजूच्या गच्चीतली कबुतरं उडाली. प्रतापसिंहराव एवढंच म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

आठ चहादाण्या वाचल्या. मला बरं वाटायला हवं होतं ना? पण सगळे खाली धावले होते, चहादाणीला पाहायला, हुंगायला, तिला हातात घ्यायला. मी गच्चीवर ऊन खात होते आणि माझ्याभोवती बारा अर्धवट चित्रं पडली होती. एका चित्रात नुसती कडी. एका चित्रात नुसतं झाकण. आणि एका चित्रात मी होते, अगदी खरी, पण तोटीशिवाय. जिच्यातून कधी काही बाहेर येणारच नाही, अशी किटली.

त्याला आता पंधरा दिवस झाले. कालच उत्कर्षाने चहादाणी नाकाशी धरली आणि म्हणाली, "गेला." आज रविवार आहे. आम्ही दोघी ओट्यावर शेजारी शेजारी आहोत. तिच्यात आत्ताच मी माझं पाणी ओतलंय, तिचं अंग कोमट झालंय. आज ती वर जाणार, हे मला ठाऊक आहे. तिचं चित्र निघेल, सतरावं. मला अजूनही हेवा वाटतो, खोटं कशाला सांगू? पण शालिनीताई बोलल्या आणि मी गप्प राहिले, हे मला जास्त टोचतं. त्यांचा तर हात चुकला होता. माझा हात चुकला नव्हता.

म्हणून आज ठरवलं, ती वर जायच्या आत तिला सांगायचं. तुम्हाला सांगून झालं, आता तिला. ती काही बोलणार नाही, नुसतं ऐकून पिऊन टाकेल. तेवढंही पुरे. ऐक गं, मी म्हटलं, त्या शनिवारी तुला मोरीत नेलं ना, तेव्हा दूध अगदी वर आलं होतं आणि मी

"आई, किटली दे गं आधी वर," जिन्यातून उत्कर्षाची हाक आली. "प्रतापसिंहराव केव्हाचे थांबलेत, त्यांना तोटी पुरी करायचीय."

शालिनीताईंनी माझी कडी धरलीसुद्धा. थांबा हो, जरा थांबा, एकच वाक्य राहिलंय. अगं ऐक, मी ठरवलं असतं तर उतू जाऊ शकले असते, पण मी मुद्दाम