केसभर वाकडा

"खांब काढताना केसभर वाकडा काढायचा, पोरी. जगात सरळ खांब नसतोच," असं तिच्या कचेरीतून निवृत्त झालेले सर नेहमी बजावायचे. ते आज सकाळी तिला आठवलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

अणुभट्टीत अपघात होऊन उष्णता चढली, तर छताखालचे पोलादी खांब किती वेळ तग धरतील, हे ती संगणकावर मांडून पाहत होती. उत्तर सहा तास आलं होतं. पण तिने खांब अगदी सुतासारखे सरळ काढले होते, आणि असा खांब संगणकात लवकर वाकायला तयारच होत नाही.

त्याच भट्टीवर तिचा दादा शिफ्टला असायचा. माणसं बाहेर पडायला दोन तास लागत.

तिने प्रत्येक खांबाला केसभर बाक दिला, देवाचं नाव घेतलं आणि गणित पुन्हा सुरू केलं.

"अगं, पडद्याकडे असे डोळे वटारलेस म्हणून खांब घाबरणारेत का?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हसली.

दुपारी आकडा आला, चार तास दहा मिनिटं. तिचा जीव भांड्यात पडला.

"सुटलीस! दोनाला चार पुष्कळ झाले. आता वहिनीला कशाला सांगत बसतेस?"

"काल तिला सहा सांगितलेत. आकडा हलला तर स्वतः येऊन सांगेन, असा शब्द दिलाय."

नवा अहवाल साहेबांच्या हाती देऊन तिने पर्स उचलली आणि ती दादाच्या घराच्या वाटेला लागली.