फिल्टर काढायचा कसा

फिल्टर नळाखाली धुऊन, जुन्या बनियनने पुसून टीपकरांनी तो जागच्या जागी बसवला. आतून निघालेला ओल्या धाग्यादोऱ्यांचा गोळा केराच्या डब्यात टाकला. वॉशिंग मशीन एकदा रिकामं फिरवून पाहिलं, पाणी सुरळीत गेलं. मग हात कोरडे केले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि मुलाला फोन लावला.

"अरे, या मशीनचा फिल्टर काढायचा कसा?"

"आता मशीन बिघडलं?"

"पाणीच जात नाही बघ त्यातून."

खोटं बोलताना त्यांचा आवाज थोडा चढायचा. मुलाला तो वैताग वाटायचा, हे एक बरं होतं.

टीपकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. घरगुती यंत्रांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात माहितीपुस्तिका लिहिण्यात घालवली. यंत्राबरोबर खोक्यात येते आणि खोक्याबरोबरच फेकली जाते, ती पुस्तिका. खाली बारीक अक्षरात एखादी टीप जोडल्याशिवाय त्यांच्या हातून पान सुटत नसे, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. घरातल्या या मशीनची पुस्तिकाही त्यांचीच. फिल्टरचं पान तर त्यांना तोंडपाठ होतं.

बायको गेल्यापासून मुलाचा फोन दर रविवारी यायचा. कसे आहात, बरा आहे, काळजी घ्या, की संपलं. ती कशी आहे, असं त्यांनी सुनेबद्दल विचारलं तर "बरी आहे, कामात आहे" एवढंच उत्तर मिळे. सून हल्ली सदा कामातच असे. मग एकदा मिक्सरचं भांडं खरोखरच अडकलं आणि मुलगा कितीतरी वेळ बोलत राहिला. उजवीकडे फिरवा, तसं नाही, आधी पातं बघा. टीपकरांना गंमत कळली. तेव्हापासून त्यांच्या घरातलं काही ना काही बिघडायला लागलं, आणि रविवारची वाट न पाहता तेच फोन करू लागले.

पण मुलगाही काही कमी नव्हता. त्याने समजावून सांगणं सोडून व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. कुणीतरी अनोळखी माणूस "नमस्कार मित्रांनो" म्हणून ओरडायचा आणि टीपकरांचं बोलणं तिथेच संपायचं. लहानपणीही हा असाच होता, पुस्तिका बाजूला सारून सरळ स्क्रू उघडणारा. यावरून त्यांचं जुनंच भांडण होतं.

"वाचणारा माणूस अडला की ओळीवर बोट ठेवून थांबतो," टीपकर आजही म्हणाले. "तुझा तो व्हिडिओवाला आपलंच घोडं दामटत राहतो."

"थांबवता येतं त्याला, बाबा. मधोमध बोट ठेवा."

"आणि बोलतो किती भरभर! तू सांग ना नीट."

पलीकडे सुस्कारा ऐकू आला. टीपकरांना वाटलं, आता हा वैतागून फोन ठेवणार, आणि पुन्हा आठवडाभर या घरात आपलाच आवाज.

"थांबा," मुलगा म्हणाला. "मीच करून दाखवतो आणि पाठवतो. मग तरी कळेल ना?"

व्हिडिओ आला तेव्हा टीपकरांनी चष्मा पुसला. मुलाने फोन कशाला तरी टेकवून ठेवला असावा. आधी नुसते गुडघे दिसले, मग तो स्वतः मशीनपुढे मांडी घालून बसला. दाढी वाढली होती.

"बाबा, हे खालचं झाकण. बाबा, हे असं डावीकडे फिरवायचं. घाई नाही करायची, बाबा, पाणी येतं."

टीपकर हसले. इतक्या वेळा बाबा म्हणणारी पुस्तिका त्यांनी कधी लिहिली नव्हती.

फिल्टर बाहेर आला. त्याच्या जाळीत काहीतरी अडकलं होतं. मुलाने ते ओढून काढलं. केसांना लावायची छोटी क्लिप होती, तिच्यावर धागे गुंडाळले गेले होते. अंगठ्याने धागे बाजूला करून त्याने ती पुसली, क्षणभर तळहातावर ठेवली आणि केरात न टाकता शर्टाच्या खिशात घातली.

"असं काही... अडकतं," तो म्हणाला. यापुढच्या वाक्यांत बाबा नव्हतं.

टीपकरांनी मधोमध बोट ठेवलं.

चित्र थांबलं. मुलाच्या मागे दोरी होती आणि दोरीवर फक्त त्याचेच शर्ट वाळत होते. त्यापलीकडे खिडकी. तिथे सुनेच्या कुंड्यांची इतकी दाटी असायची की बोट ठेवायला जागा नसायची. आता कठड्यावर नुसते मातीचे गोल डाग होते. त्यांनी व्हिडिओ मागे नेला, पुन्हा पाहिला, पुन्हा थांबवला. पुस्तिकेत यातलं काहीच आलं नसतं. तिथे फक्त एक हात काढतात आणि एक बाण.

इतके दिवस आपण मोडक्या वस्तू शोधत बसलो आणि पोराला एक प्रश्न धड विचारला नाही, याची त्यांना लाज वाटली. आताही कसा विचारायचा, ते सुचेना. त्यांनी फोन लावला.

"कळलं का, बाबा?"

"नाही कळलं."

"कुठे अडलं?"

"तू येऊन दाखव."

"फिल्टरसाठी येऊ? अहो, पुस्तिकेत सगळं दिलंय ना."

"त्यात खाली टीप आहे. एवढं करूनही जमलं नाही, तर माणूस बोलवावा."

"ती टीप तुम्हीच लिहिलीय, बाबा."

"म्हणून तर सांगतोय."

मुलगा हसला, पण ते हसू मध्येच कुठेतरी विरलं. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

"शनिवारी येतो," शेवटी तो म्हणाला. "एकटाच येईन."

"ये. राहायलाच ये."

"हो."

फोन ठेवून टीपकर न्हाणीघरात गेले. केराच्या डब्यात हात घालून त्यांनी तो धाग्यांचा गोळा शोधून काढला. मशीनपुढे बसून फिल्टर उघडला, गोळा आत नीट दाबून बसवला आणि झाकण लावलं.